मागच्या ओळीतले वाद्य

वरातीत नाचणाऱ्यांकडे सगळे पाहतात. वाजवणाऱ्यांकडे पाहणारे थोडे. आणि वाजवणाऱ्यांच्या मागच्या ओळीकडे पाहणारी फक्त पोरे. पुढे क्लॅरिनेट असते, ट्रम्पेट असते, लाल डगला घातलेला बॅण्डमास्तर असतो. गाण्याची चाल त्यांच्या हाती, कौतुक त्यांचे, आणि नवरदेवाच्या मित्रांनी ओवाळून दिलेल्या नोटाही त्यांच्याच. मागे मात्र एखादा गृहस्थ, बहुधा वयस्क, एक लांबलचक पितळी वाद्य ओठांना लावून उभा असतो. त्या वाद्याची नळी तो सारखी पुढे ढकलतो आणि मागे ओढतो. पोरांना वाटते, हा सायकलीत हवा भरतो आहे. आमच्याकडची पोरे त्याला ‘पंपवाला’च म्हणत. त्या पंपाचे खरे नाव ट्रॉम्बोन.

दिवाळीच्या दिवसांत वाचकांच्या ताटात लाडू-चकलीऐवजी हे काय वाढतो आहे, असे कुणी विचारील. पण दिवाळी हा पितळेचाही सण आहे. माळ्यावरची समई खाली उतरते, तांब्ये, निरांजने, घंगाळी चिंच लावून घासली जातात आणि दोन दिवस का होईना, घरातले पितळ सोन्याचा तोरा मिरवते. तेव्हा एका पितळी वस्तूवरची धूळ मी झटकली, तर फारसे बिघडणार नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यातला मास्तर. चोरखमारा हे आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात. एका अंगाला मोठा तलाव, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे जंगल आणि मधे धानाच्या बांध्या. अशा गावी बसून मी कादंबऱ्या लिहितो. सध्या हाती आहे तीत एक बॅण्डवाला आहे. पात्राला एखादे वाद्य नुसते हाती देऊन भागत नाही. ते वाजवताना त्याचा दंड कुठे दुखतो, हेही लेखकाला ठाऊक असावे लागते. मला ते सांगू शकेल असा माणूस घरातच होता. माझे मामाजी तिरोड्याच्या एका बॅण्डमध्ये तीस-बत्तीस वर्षे ट्रॉम्बोन वाजवीत होते.

आता मामाजींची ऐंशी जवळ आली आहे. कामठीच्या छावणीतल्या बॅण्डमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाने त्यांना हे वाद्य शिकवले. वाद्यही त्यांचेच, जुने, पाच-सात ठिकाणी झाळलेले. कागदावरचे सूर मामाजींना कधीच वाचता आले नाहीत. एकदा ऐकायचे, दुसऱ्यांदा ओठांत घ्यायचे, तिसऱ्यांदा वाजवायचे, एवढीच त्यांची विद्या. पण या विद्येच्या जोरावर त्यांनी मला जे समजावून दिले, ते मी पुढे पुस्तकांशी ताडून पाहिले, तर त्यात तिळमात्र फरक नव्हता.

ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर जवळजवळ नऊ फूट भरते. ती घडी घालून हातात मावेल अशी केलेली असते. एका टोकाला वाटीसारखे मुख, दुसऱ्या टोकाला भोंगा. नुसती फुंकर घालून ते वाजत नाही. ओठ आवळून थरथरवावे लागतात आणि ती थरथर नळीतल्या हवेने उचलावी लागते. ओठ सैल केले की खालचा सूर, आवळले की वरचा. पण एवढ्याने सगळे सूर मिळत नाहीत. मधले सूर हवे असतील तर नळीची लांबी बदलावी लागते. ट्रम्पेटमध्ये त्यासाठी दांड्या दाबतात. ट्रॉम्बोनमध्ये नळीच सरकते. सरकवण्याची सात ठिकाणे. एकेक ठिकाण पुढे गेले की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिल्या ठिकाणापासून दुसरे चार बोटांवर, सुमारे आठ सेंटिमीटर. पुढे पुढे अंतर वाढत जाते. सहाव्यापासून सातवे जवळजवळ अकरा सेंटिमीटरवर असते. कारण साधे आहे. नळी जितकी लांब झालेली, तितकी तिला आणखी अर्धा स्वर उतरवायला जास्त लांबवावी लागते.

यातली खरी मेख पुढे आहे. त्या सात ठिकाणांवर कसलीही खूण नसते. रेघ नाही, खाच नाही, पडदा नाही. अंधारात घरचा माणूस जसा बरोबर उंबरठ्याशी पाऊल उचलतो, तसा वाजवणाऱ्याचा हात बरोबर जागी थांबायला हवा. तो थांबला की नाही, हे फक्त कान सांगतो.

“मंग चुकत नाई का गा हात?” मी विचारले.

“चुकते ना. पन लोकायले कळाच्या आत सुधरवाचा,” मामाजी म्हणाले.

मला त्यांचा हेवा वाटला. शाळेत फळ्यावर एक वेलांटी चुकली तर चाळीस डोळे ती आधी पाहतात आणि मग माझ्याकडे पाहतात.

मामाजींच्या बोलण्यात तक्रारीचा सूर सहसा नसतो. एकदाच, आणि तोही हसत हसत, ते म्हणाले होते, “बाबू, आपला धंदा असा, गाना दुसऱ्याचा आन् दम आपला.” तीस-बत्तीस वर्षे त्यांनी शेकडो लग्ने वाजवली. पण गाण्याची चाल त्यांच्याकडे कधी आली नाही. ट्रम्पेटने गायचे आणि ट्रॉम्बोनने खालून आधार द्यायचा, गाणे दमले की भरणा करायचा, असा तो हिशेब. एकही गाणे त्यांनी एकट्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलेले कुणी ऐकलेले नाही. मामीनेही नाही.

पुढे समोरचे दात गेले. पितळी वाद्य वाजवणाऱ्याचे दात म्हणजे गवयाचा गळा. ओठांमागे टेकण नसेल तर ते थरथरवायचे कशाच्या आधाराने? त्याच सुमारास लग्नांतून डी.जे. आला. एका गाडीवर चढवलेल्या भिंतीएवढ्या पेट्यांनी चौदा माणसांचा बॅण्ड गिळला. ट्रॉम्बोन खुंटीवर गेला आणि खुंटीवरच राहिला. यंदा श्रावणात मोडीचा व्यापारी गल्लीत आला, तेव्हा त्याने ते वाद्य हातात घेऊन तोलले आणि किलोचा भाव सांगितला. मामाजींनी ‘दिवाळीच्या आधी ये’ म्हणून त्याला वाटेला लावले. मला हे मामीने सांगितले. मामाजींनी सांगितले नाही.

या वाद्याच्या नशिबी मागची ओळ काही आमच्याच मुलुखात आली असे नाही. युरोपात ते पंधराव्या शतकापासून आहे. तिथे देवळांत गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार देणे हे त्याचे मुख्य काम. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग व्हिएन्नात १८०८ सालच्या डिसेंबरात झाला. चार भागांच्या त्या रचनेत ट्रॉम्बोनवाले तीन भाग निमूट बसून राहतात. वीस-बावीस मिनिटे वाद्य मांडीवर, डोळे कागदावर आणि मनात मोजदाद. चौथा भाग सुरू झाला की मग ते उठतात आणि सगळे सभागृह उजळते. उजेड त्यांचा, पण नाव व्हायोलिनांचे.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हेच झाले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सूर वाचायला शिकलेली मुले पोटासाठी मुंबईला आली आणि स्टुडिओंतल्या ताफ्यांत बसली. त्यांच्यातले ब्लास्को मोन्सोराते राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ट्रॉम्बोन वाजवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ साली आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालण्यासाठी स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला होता. पण देशाने त्यांचे नाव ऐकले ते १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात, आणि तेही पडद्यावरच्या नायकाचे नाव म्हणून. वाजवणाऱ्यांची नावे तबकडीवर छापायची पद्धत नव्हती. घराघरांत त्यांचे सूर गेले आणि उंबऱ्याबाहेर नावे राहिली.

हे सगळे गोळा करीत असताना मला एक शोध लागला. शोध मोबाइलवर लागला आणि तो लावून दिला शाळेतल्या एका मुलीने, श्रेय तिचे. ‘मास्तर, हे पाहा, फक्त ट्रॉम्बोन आणि पियानो,’ म्हणून तिने मला जे ऐकवले, तो होता पाउल हिंडेमिट या जर्मन संगीतकाराचा १९४१ साली लिहिलेला सोनाटा.

सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी लिहिलेली, बहुधा तीन-चार भागांची रचना. व्हायोलिनचे सोनाटे शेकड्यांनी आहेत, पियानोचे तर विचारूच नका. ट्रॉम्बोनसाठी मोठ्या संगीतकाराने सोनाटा लिहावा, ही गोष्ट मात्र फार दिवस कुणाला सुचलीच नव्हती. हिंडेमिटला सुचली. तो फक्त ट्रॉम्बोनवरच थांबला नाही. १९३६ ते १९५५ या काळात त्याने बासरी, ओबो, बसून, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, डबल बास आणि शेवटी अगडबंब ट्यूबा अशा एकेका वाद्याला पियानोच्या जोडीने स्वतंत्र सोनाटा लिहून दिला. एखाद्या घरातल्या कर्त्या माणसाने वर्षानुवर्षे पंगतीत वाढणाऱ्या सगळ्यांना एकदा पाटावर बसवावे आणि स्वतः वाढायला उभे राहावे, तसे हे झाले.

तो माणूसच तसा होता. जन्म १८९५ चा, घर बेताच्या मिळकतीचे. तरुणपणी नाचगाण्याच्या जागी वाजवून त्याने पैसे मिळवले. पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतले, तेव्हा रेजिमेंटच्या बॅण्डमध्ये त्याच्या गळ्यात मोठा ढोल आला. पुढे तो नावारूपाला आला व्हायोला वाजवणारा म्हणून. आणि व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, पण कायम मधल्या आवाजात बोलणारी बहीण. हिटलरच्या राजवटीला त्याचे संगीत खपेना. त्याची पत्नी वडिलांकडून ज्यू वंशाची. १९३८ साली तो स्वित्झर्लंडला गेला, १९४० साली अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवू लागला. ट्रॉम्बोनचा सोनाटा त्याने लिहिला तो असा घर सुटल्यानंतर, परक्या देशात, मास्तरकी करता करता. या शेवटच्या तपशिलाने मला त्याच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली, हे लपवीत नाही.

सोनाटा दहा-अकरा मिनिटांचा. भाग चार. पहिला भारदस्त; ट्रॉम्बोन आरंभालाच मोठाल्या ढांगा टाकीत येतो आणि पियानो त्याच्या खालची जमीन हलवीत असतो. दुसरा भाग नाजूक. इथे पियानो आपल्याच तंद्रीत बोलत राहतो आणि ट्रॉम्बोन मधूनमधून थोडे बोलून पुन्हा ऐकत बसतो. तिसऱ्या भागाला हिंडेमिटने नावच दिले आहे, ‘दांडगटाचे गाणे’. दारू पिऊन बाजारातून परतणारा एखादा पैलवान छाती काढून चालावा, तसा तो आहे. चौथ्या भागात पुन्हा पहिल्याचा भारदस्तपणा परततो, पण आता दोघांची ओळख झालेली असते. पहिल्यांदा ऐकताना हे कानाला गोड लागत नाही, हे आधीच सांगतो. आपल्या गाण्यात षड्ज जसा घरासारखा मागे उभा असतो, तसा तो इथे चटकन सापडत नाही. मला तिसऱ्या खेपेला तो सापडू लागला. कारल्याची भाजी आवडायलाही वय लागतेच.

पण मला सर्वांत नवल वाटले ते या जोडीचे. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. प्रत्येकीचा सूर ठरलेला. वाजवणारा केवढाही मोठा असो, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत त्याला पाऊल ठेवता येत नाही. आणि ट्रॉम्बोन? त्याला पट्टीच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतल्या प्रत्येक दाराशी तो थांबू शकतो. आपण जिला मींड म्हणतो, ती पाश्चात्त्यांच्या पितळी वाद्यांत या एकाच वाद्याला मोकळेपणाने जमते. एक ठरलेला, एक सरकता. यांचा संसार व्हायचा कसा?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पेटीला मींड नाही, तिचे सूर साच्यातले, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओने तिला दाराबाहेर ठेवले होते. तरी तिच्याशिवाय कीर्तन झाले नाही की भजन झाले नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडया भरतात, दंडार होते आणि रात्रभर नाटके चालतात. तिथे ऑर्गनचा सूर निघाल्याशिवाय पडदा वर जात नाही. आणि बालगंधर्वांच्या साथीला कोण होते ते आठवा. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे आणि सारंगीवर कादरबक्ष. म्हणजे एका हाताला ठरलेल्या सुरांची पेटी आणि दुसऱ्या हाताला सूर कुठेही नेऊ शकणारी तार. मराठी माणसाने हा संसार रंगभूमीवर डोळे भरून पाहिला आणि त्यात काही विपरीत आहे असे त्याला कधी वाटले नाही.

सोनाटा ऐकता ऐकता त्या संसाराचा नियम माझ्या लक्षात आला. पियानोला सरकता येत नाही. म्हणून सूर जुळवण्याची जबाबदारी सगळी ट्रॉम्बोनवर. पियानो जिथे असेल तिथे याने जायचे, केसभर मागे, केसभर पुढे. ज्याला सरकता येते त्यानेच सरकायचे! ऐकायला हा अन्याय वाटतो. पण दहा मिनिटे कान देऊन ऐका. जो क्षणोक्षणी दुसऱ्याची जागा शोधून काढतो, त्याच्या आवाजात एक जिवंतपणा येतो. ठरलेल्याच्या आवाजात तो येत नाही. आणि ठरलेला आपल्या जागी खंबीर उभा आहे, म्हणूनच सरकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळते. घरोघरी असेच असते. आमच्या मामाजींच्या घरात पियानो कोण आणि ट्रॉम्बोन कोण, हे मामीला भेटलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

आमच्या भागात अशी एक जोडी बांधीतही दिसते. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाकडे यावे लागते. आता मोजकेच उरले आहेत. दरवर्षी त्यांची गणती होते आणि धानाच्या बांधीत घरटे झाले तर शेतकरी ते राखतात. सारसाची श्वासनळी त्याच्या छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते. लांब नळी घडी घालून मावेल अशी करण्याची युक्ती कारागिरांच्या फार आधी त्याला मिळालेली. पहाटे जोडी मान वर करून ओरडते, तेव्हा दोन आवाज असतात. नर एक लांब हाक देतो आणि तेवढ्यात मादी दोन आखूड हाका देते. दोघांचे मिळून एक गाणे होते, ते पाण्यावरून दूरवर जाते. त्यात मागची ओळ कुणाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मोबाइल आणि एक लहानसा स्पीकर घेऊन मी भाद्रपदात तिरोड्याला गेलो. मामाजींना कमी ऐकू येते. तीस वर्षे ढोलाच्या बाजूला उभे राहण्याचे ते व्याज. स्पीकर त्यांच्या कानाशी ठेवला. पहिल्या भागात ते काही बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “पेटीवाला लय जोरात वाजवते गा.” दुसऱ्या भागात पियानो एकटा वाजू लागला, तेव्हा पाहिले तर त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ते मोजत होते. वाजवणाऱ्याच्या बरोबरीने ते आपली पाळी येण्याची वाट पाहत होते; आणि पाळी आली की मान किंचित हलत होती. तिसरा भाग सुरू झाला आणि त्यांचा उजवा हात उठला. डाव्या हातात काही नव्हते, ओठांत काही नव्हते. पण उजवा हात हवेत पुढे जात होता, मागे येत होता. एका लांब सुराला तो पार पुढे गेला आणि तिथे थांबला. मी नळीची सात ठिकाणे पुस्तकात वाचली होती. त्या क्षणी त्यांचा हात कितव्या ठिकाणी होता, हे मला हवेत दिसले.

चौथा भाग संपला. मामी दाराशी येऊन उभी होती.

“एकट्याचाच आहे का पुरा?” मामाजींनी विचारले.

“पेटी आणि तो. दोघेच.”

“आन् पुढं ट्रम्पेट नाई?”

“नाही मामाजी.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “लिवनारा काय वाजवे?”

मी त्यांना हिंडेमिटची गोष्ट सांगितली. नाचगाण्याच्या जागा सांगितल्या, रेजिमेंटचा बॅण्ड सांगितला, गळ्यातला ढोल सांगितला, मधल्या आवाजाचे वाद्य सांगितले. ढोलाशी आल्यावर ते हसले.

“मंग बराबर हाय,” ते म्हणाले. “मांगून पायलेला मानूस आहे. पुढच्याले हे सुचत नाई.”

सोनाट्यांविषयी मी बरेच वाचले आहे आणि वाचतो आहे. हिंडेमिटनंतर ही वाट रुंद झाली. १९७३ साली क्रोएशियाच्या स्त्येपान शुलेकने, १९९३ साली अमेरिकेच्या एरिक इवाझेनने ट्रॉम्बोन-पियानोचे सोनाटे लिहिले आणि ते जगभरचे विद्यार्थी वाजवतात. मुंबईत एन.सी.पी.ए.मध्ये २००६ सालापासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण ‘मांगून पायलेला मानूस’ या तीन शब्दांत जेवढे आले, तेवढे मला एकाही ग्रंथात सापडले नाही. मागच्या ओळीतून सगळे दिसते. पुढच्यांची पाठ दिसते, त्यांचा धपापणारा श्वास दिसतो, नवरदेवाच्या बापाचा पैसे देतानाचा चेहरा दिसतो. कादंबरीकाराला याहून बरी जागा कोणती? चोरखमाऱ्याला राहून लिहिण्याची मला अधूनमधून खंत वाटे. त्या दिवसापासून ती जरा कमी झाली आहे.

मामाजींनी मग मला तोच सोनाटा पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर विचारले, “याले किती भेटत असन?” मला सांगता आले नाही. “तरी नोटा ओवाळत नसतीन,” असे म्हणून त्यांनीच तो विषय मिटवला. मोडीच्या व्यापाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्या वाद्याचे काय करायचे, हे ठरवणे त्यांच्याकडेच असले पाहिजे. दात काही परत येणार नाहीत, आणि वराती बॅण्डकडे वळतील अशीही चिन्हे नाहीत. सोनाटा ऐकल्याने यातले काहीच बदलत नाही. बदलले असेल तर एवढेच, की आपल्या वाद्याला जगात कुठेतरी कुणीतरी पाटावर बसवले आहे, हे त्यांना ठाऊक झाले.

परवा मामीचा निरोप पोचवायला तिथून एक मुलगा आला होता. निरोप फराळाच्या डब्याचा. पण त्याने आपणहून घरची हकीकतही सांगितली. मामीने दिवाळीसाठी समई, तांब्ये, घंगाळे असे सगळे पितळ अंगणात काढले होते. घासता घासता तिने खुंटीवरचा ट्रॉम्बोनही उतरवला आणि भोंग्याला चिंच लावायला सुरुवात केली. मामाजी बाजेवरून उठून तिच्यावर खेकसले, “भोंग्याले लाव. नळीले चिंच नको लावू. नळीले तेल लागते.”

आणि तेल कुठे ठेवले आहे, हेही त्यांनीच सांगितले.